कळ बाळंतपणाची की मुतखड्याची?

आपल्या मराठीत ‘कळ’ हा शब्द मोठा सोयीचा आहे आणि तितकाच फसवा. बाळंतपणाच्या त्या कळा, आणि मुतखडा जागचा हलला की येते तीही कळच. एरवी या दोन दुखण्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. पण बाई गरोदर असताना मुतखड्याने उचल खाल्ली, तर घरातल्यांची गफलत होते. ‘सातवा महिना आहे, खोट्या कळा असतील, पडून राहा,’ असं तिला सांगितलं जातं. ती बिचारी पडायला जाते आणि पडवतही नाही, अशी तिची गत होते.

दुसरी अडचण ‘मुतखडा’ या शब्दाची. सासऱ्यांसमोर, दिरांसमोर तो उच्चारायचा कसा? आमच्या घरच्या दखनी बोलीत त्याला ‘पथरी’ म्हणतात. शब्द जरा सभ्य वाटतो इतकंच. लघवीला जळजळ होते हे सांगायला आमच्याकडच्या लेकीसुनाही लाजतातच. या लाजेपायी दुखणं अंगावर काढलं जातं, आणि गरोदरपणात ते एकीच्या नव्हे, दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण मुतखड्याची कळ मी स्वतः दोनदा सोसली आहे. माझ्या भाचीवर गरोदरपणी हा प्रसंग आला, तेव्हा डॉक्टरांना नाना प्रश्न विचारले, नंतर वाचलं आणि विषय समजून घेतला. तेच तुमच्यापुढे ठेवतो.

गरोदरपणात मुतखड्याचा त्रास फार जणींना होत नाही. वेगवेगळ्या पाहण्यांत २०० गरोदर स्त्रियांमागे एक ते १,५०० मागे एक, असं प्रमाण आढळलं आहे. त्यातल्या बहुतेकींना तो चौथ्या महिन्यानंतर होतो. कारण असं, की या काळात शरीरातल्या संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत लघवी नेणाऱ्या नळ्या, सैल पडतात. वाढलेल्या गर्भाशयाचा दाबही त्यांच्यावर येतो. गर्भाशय थोडं उजवीकडे कललेलं असतं, म्हणून उजव्या बाजूचं मूत्रपिंड जास्त फुगतं. ही सूज बहुतेक गरोदर बायकांना थोडीफार असतेच, तो आजार नव्हे. पण आधीपासून मूत्रपिंडात निवांत बसलेला एखादा खडा या सैल नळीत उतरला आणि अडकला, तर कळ सुरू होते.

या दिवसांत मूत्रपिंडांचं गाळण्याचं काम जवळजवळ दीडपट होतं. लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. पण निसर्गानं तोलही सांभाळला आहे. खडा होऊ न देणारे घटकही लघवीत वाढतात. म्हणून ‘दिवस गेले म्हणजे मुतखडा होणार’ अशी भीती बाळगण्याचं कारण नाही.

आता कळ ओळखायची कशी? बाळंतपणाची कळ लाटेसारखी येते आणि ओसरते. त्या वेळी सगळं पोट दगडासारखं घट्ट होतं, मग सैल पडतं. मुतखड्याची कळ बहुधा एकाच बाजूला, बरगडीखाली पाठीत सुरू होते आणि पुढे ओटीपोटाकडे, जांघेकडे उतरते. तीही कमीजास्त होते, पण बाईला कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. मळमळ होते, उलट्या होतात. लघवीला जळजळ होते, वारंवार जावंसं वाटतं, लघवी लालसर दिसते. अर्थात ही ओळख ढोबळ आहे. अपेंडिक्सचं दुखणंही असंच फसवतं. शिवाय मुतखड्याच्या त्रासानं वेळेआधी बाळंतपणाच्या कळा सुरू होऊ शकतात, म्हणजे दोन्ही कळा एकदम. म्हणून निदान घरात करायचं नाही. घरच्यांनी शंका घ्यायची आणि दवाखाना गाठायचा, एवढंच आपलं काम.

माझी भाची सातव्या महिन्यात माहेरी आली होती. दोन दिवस उजव्या कुशीत दुखत होतं. शेजारपाजारच्या अनुभवी बायकांनी खोट्या कळा म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला. जिल्ह्याच्या गावी नेल्यावर कळलं, की नळीत खडा अडकलाय आणि वर तुंबलेल्या लघवीत जंतू वाढलेत. डॉक्टर म्हणाले, ‘दुखणं थोडा वेळ थांबलं असतं, ताप थांबत नाही.’ हे वाक्य मी विसरलेलो नाही. कळ आणि तिच्या जोडीला ताप, थंडी, किंवा लघवी अगदी कमी होणं म्हणजे सकाळची वाट पाहायची नाही. जंतू रक्तात पसरले, तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. पोट वारंवार घट्ट होत असेल, अंगावरून पाणी किंवा रक्त जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तरीही तसंच निघायचं. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४पासून आहे. तो आकडा घरात सगळ्यांना पाठ हवा.

तपासणीत पहिला मान सोनोग्राफीचा. तिच्यात क्ष-किरण नसतात, बाळाला इजा नाही. एखादा खडा तिच्यात दिसत नाही. मग डॉक्टर पुन्हा सोनोग्राफी करतात किंवा एमआरआय सांगतात. एक्स-रे आणि सीटी स्कॅन शक्यतो टाळतात. अगदीच अडलं तर कमी मात्रेचं स्कॅन, तेही विचार करून. म्हणून कुठेही तपासणीला गेल्यावर बाईनं पहिलं वाक्य ‘मला दिवस गेलेत’ हेच बोलावं. लघवीची तपासणी तर व्हायलाच हवी.

उपचाराचं म्हणाल, तर ऐकून धीर येईल. गरोदरपणातले निम्म्याहून अधिक खडे आपोआप पडून जातात. पाणी, गरजेपुरतं सलाईन, उलटीवर औषध, दुखण्यावर डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल आणि जंतू असतील तर योग्य प्रतिजैविक, एवढ्यावर भागतं. मात्र दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशी वेदनाशामकं आपल्या मनानं आणू नयेत. विशेषतः २० आठवड्यांनंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं.

खडा पडलाच नाही, ताप आला किंवा मूत्रपिंड तुंबलं, तर नळीत एक बारीक लवचिक नळी बसवतात. तिला स्टेंट म्हणतात. लघवीला वाट मिळते आणि मूत्रपिंडावरचा ताण उतरतो. गरोदरपणात या नळीवर खर लवकर साचते, म्हणून ती साधारण चार ते सहा आठवड्यांनी बदलावी लागते. ती तारीख चुकवू नये. काही ठिकाणी अनुभवी डॉक्टर दुर्बिणीतून लेझरनं खडाच काढतात. तेही गरोदरपणात करता येतं. पण बाहेरून लहरी मारून खडा फोडण्याचा उपचार गरोदर बाईवर करत नाहीत. पाठीतून छिद्र पाडून काढायचे मोठे खडे बाळंतपणानंतरच काढतात. माझ्या भाचीला स्टेंट बसवला, पुढे एकदा बदलला, मुलगी सुखरूप झाली आणि खडा नंतर काढला.

खरी शहाणपणाची वेळ मात्र दिवस जाण्याआधीची. जिला पूर्वी मुतखडा झाला आहे, तिनं मूल हवं असं ठरवताना एकदा सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. लहानसा, त्रास न देणारा खडा असेल तर डॉक्टर कदाचित नुसतं लक्ष ठेवतील. मोठा असेल, वारंवार जंतुसंसर्ग होत असेल, तर आधी काढून टाकलेला बरा. लहरींचा उपचार ठरला असेल, तर पाळीची तारीख डॉक्टरांना नक्की सांगावी. मुतखडा पुन्हा होऊ नये म्हणून गोळ्या चालू असतील, तर त्या पुढे घ्यायच्या की नाही, हे दिवस जाण्याआधीच विचारावं.

आता पाण्याविषयी. आपल्या बायका पाणी कमी पितात आणि त्याचं कारण तहान नसते. शेतात आडोसा नसतो, एसटी स्टँडवरचं स्वच्छतागृह आत पाऊल टाकण्याजोगं नसतं. मग ती सकाळपासून घोटभरच पाणी पिते. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात याचा हिशेब शरीर खड्याच्या रूपानं चुकता करतं. लघवी फिक्या रंगाची राहील इतकं पाणी दिवसभर थोडं थोडं प्यावं. ज्यांना हृदयाचा, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाब आहे, त्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावं. मीठ, पापड, लोणचं बेतानं खावं.

उपवासाचंही बोललं पाहिजे. निर्जळी व्रत असो वा रमजानचा रोजा, मुतखड्याचा त्रास असलेल्या गरोदर बाईला पाण्यावाचून दिवस काढणं परवडणारं नाही. आपल्या किंवा बाळाच्या प्रकृतीला अपाय होईल अशी भीती असेल, तर गरोदर बाईला रोजा न धरण्याची सवलत इस्लामनंच दिली आहे. ती घेताना मनात अपराध धरू नये.

कॅल्शियमच्या गोळीनं खडे होतात, असं म्हणून अनेक जणी सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या डब्यात ठेवून देतात. चौथ्या महिन्यापासून दिल्या जाणाऱ्या या गोळ्या आई आणि बाळ दोघांसाठी गरजेच्या आहेत. त्या जेवणाबरोबर घ्याव्यात, लोहाच्या गोळीसोबत घेऊ नयेत. मुतखडा असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं, पण गोळी आपल्या मनानं बंद करू नये. आणि हुलग्याचं पाणी जेवणातलं माडगं म्हणून ठीक. पानफुटी, गोखरू किंवा कुणी दिलेला काढा गरोदर बाईला विचारल्याशिवाय देऊ नये.

सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६पासून आहे. त्या दिवशी मुतखड्याचा जुना इतिहास आठवणीनं सांगावा.

आणि घरातली गरोदर सून किंवा लेक ‘दुखतंय’ म्हणाली, तर सासूनं, आईनं, नवऱ्यानंही तिला तीन प्रश्न विचारावेत. कळ कुठून निघते? अंगात ताप आहे का? लघवी कशी होते? तिसरा प्रश्न विचारताना आपण संकोचलो नाही, तर उत्तर देताना तीही संकोचणार नाही.