मूळ प्रत आणि पाठवणीची प्रत

नांदेडच्या एका शाळेतील मुलीने मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासाठी संगणकावर भित्तिपत्रक तयार केले, अशी कल्पना करावी. तळाशी कंधारच्या किल्ल्याचे छायाचित्र, त्यावर ध्वज आणि सर्वांत वर अक्षरे. हे भाग जणू एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांवर असतात. त्यांना थर म्हणतात. भित्तिपत्रक लातूरच्या छापखान्याकडे धाडल्यावर ध्यानी येते, की १९४८च्या जागी १९४७ पडले आहे! देश १९४७मध्ये स्वतंत्र झाला खरा. परंतु मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. तेव्हा एका अंकाची ही चूक लहान नव्हे.

ती सहज सुधारेल की नाही, हे मुलीने आपले काम कसे ठेवले यावर अवलंबून आहे. चित्रसंपादनाच्या 'गिम्प' या आज्ञावलीत त्यासाठी दोन निराळ्या आज्ञा आहेत. 'सेव्ह' म्हटले, की काम 'एक्ससीएफ' या स्वरूपात साठविले जाते व सारे थर सुटे राहतात. मग अक्षरांच्या थरावर जाऊन सात पुसावा व आठ लिहावा, इतकेच. 'एक्स्पोर्ट' म्हटले, की थर एकजीव होऊन 'जेपेग' अथवा 'पीएनजी' या प्रकारचे सपाट चित्र तयार होते. ते बहुतेक कोणत्याही संगणकावर वा मोबाइलवर उघडते, म्हणून धाडावयास सोयीचे. पण त्यातील सात हा आता अंक उरलेला नसतो. किल्ल्याच्या चित्रात मिसळलेले ते रंगाचे ठिपके असतात. तो खरवडावा, तर त्याखाली भिंत नाहीच! जेपेगची आणखी एक खोड आहे. आकार लहान राखण्यासाठी ते चित्रातील बारकावे टाकून देते. म्हणून तेच चित्र पुनःपुन्हा बदलून साठविल्यास ते मळकट होत जाते.

जुन्या छापखान्यांतही असेच घडे. खिळेजुळारी शिशाचे खिळे जुळवून पान बांधी. ते बांधलेले असेतोवर चुकीचा खिळा चिमट्याने उपसून दुसरा बसविता येई. छापून झालेल्या कागदावर तसे करणे शक्य नव्हते; आणि खिळे सोडून पुन्हा खणांत टाकले, की एका अक्षरासाठी सारे पान नव्याने जुळवावे लागे.

गिम्पमध्ये पूर्वी 'सेव्ह' या आज्ञेनेच जेपेगही करता येई. तसे करून खिडकी मिटली, की थर गेले. २०१२ साली निघालेल्या २.८ या आवृत्तीत दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या. त्यावर कित्येकजण रुष्ट झाले, आणि त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. एखाद्या छायाचित्राची केवळ कड कापावयाची, तर एवढा खटाटोप कशाला?

एक्स्पोर्ट केल्यानंतरही काम मिटताना गिम्प विचारते, की बदल साठविलेले नाहीत, काय करावे? प्रत तर छापखान्याकडे गेली, असे म्हणून घाईत पुष्कळजण नकार देऊन मोकळे होतात. नांदेडच्या मुलीने त्या क्षणी 'सेव्ह' म्हटले असेल, तर लातूरला सुधारलेली प्रत पाच मिनिटांत जाईल.