ढेपेगणिक गूळ, पिंपागणिक व्हिस्की

गुळाच्या बाजारात ज्यांची हयात गेली, त्यांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. गुऱ्हाळ एक, ऊस एकाच फडातला, तरी दोन आधणांचा गूळ सारखा उतरत नाही. एक ढेप पिवळसर आणि रवाळ, तर दुसरी काळपट, किंचित खारट. बारामतीचा जाणता व्यापारी रंग बघतो, खडा जिभेवर ठेवतो आणि मगच भाव बोलतो. स्कॉटलंडमध्ये नेमकी हीच पारख व्हिस्कीची होते आणि तिच्यावर एक वेगळा धंदाच उभा आहे.

आधी 'सिंगल मॉल्ट' म्हणजे काय ते पाहू. मोड आणून वाळवलेलं सातू, पाणी आणि यीस्ट एवढ्यावरच, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या भांड्यातून गाळलेलं मद्य. ते ओकच्या लाकडी पिंपात किमान तीन वर्षं मुरावं लागतं. आपल्याकडच्या अनेक स्वस्त 'व्हिस्की'त मात्र साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेला अल्कोहोल असतो. युरोपातला कायदा त्याला व्हिस्की म्हणूच देत नाही, कारण तिथं व्हिस्की धान्याचीच असावी लागते.

आता पिंपाकडे वळू. मोठी कंपनी अनेक पिंपं एकत्र करते. उद्देश हा, की यंदाची बाटली गेल्या वर्षीसारखीच लागावी. स्वतंत्र बाटलीवाले याच्या उलट करतात. ते दुसऱ्याच्या डिस्टिलरीतली पिंपं घेतात, आपल्या पारखीनं मुरवतात आणि बऱ्याचदा एकेक पिंप वेगळं भरून स्वतःच्या नावानं विकतात. कॅडनहेड ही पेढी १८४२ सालची, मूळची अ‍ॅबर्डीनची. एल्गिन गावातली गॉर्डन अँड मॅकफेल १८९५ साली किराणा दुकान म्हणून सुरू झाली. इन्व्हरनेसची ग्लेन मोर डिस्टिलरी १९८३ साली बंद पडली, पुढं पाडलीही गेली. पण तिची चव अशा व्यापाऱ्यांनी राखलेल्या पिंपांतून मागं राहिली. आता काळ बदलतो आहे. इतरांच्या डिस्टिलरीत नवी पिंपं भरणं २०२४पासून थांबवत असल्याचं गॉर्डन अँड मॅकफेलनं २०२३ साली जाहीर केलं.

अशा बाटलीची चिठ्ठी सातबाऱ्यासारखी वाचावी. मद्य गाळलं कधी, बाटलीत भरलं कधी, पिंपाचा क्रमांक, एकूण बाटल्या किती आणि तीव्रता किती, हे बहुधा त्यावर असतं. पिंपात आधी अमेरिकन बर्बन असेल तर व्हॅनिला, नारळ असा वास येतो. शेरी असेल तर मनुका आणि खारकेचा. आयला बेटावरच्या अनेक व्हिस्कींना धुराचा वास असतो, कारण तिथं सातू पीट नावाच्या दलदलीतल्या मातीच्या धुरावर वाळवतात.

तुलना करताना एक नियम पाळावा: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. डिस्टिलरी तीच, वय तेच, पिंप मात्र वेगळं. चिठ्ठ्या झाकाव्यात, म्हणजे नाव आणि किंमत डोक्यात राहत नाही. तोंडाशी निमुळता ग्लास घ्यावा, त्यात जेमतेम वीस मिलिलिटर. आधी नाकानं पारख करावी, मग एक लहान घोट, मग थोडं पाणी घालून पुन्हा वास. पिंपातून जशीच्या तशी भरलेली व्हिस्की साठ टक्क्यांपर्यंत तीव्र असू शकते. पाण्यानं जळजळ कमी होते आणि दबलेले वास वर येतात. धुराची व्हिस्की शेवटी घ्यावी, नाहीतर पुढचं काहीच कळत नाही. ज्यांचा हा व्यवसाय आहे ते बहुतेक काम नाकानंच करतात.

हवामानाचाही वाटा मोठा. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के मद्य उडून जातं. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल मॉल्ट तयार होते. तिथल्या उष्म्यात ही घट कितीतरी पट असते आणि मुरणंही झपाट्यानं होतं. म्हणून नुसत्या वयाच्या आकड्यावरून दर्जा ठरवू नये.

एकाच पिंपाची म्हणजे उत्तमच, असंही नाही. कित्येकदा कंपनीच्या ठरलेल्या चवीत न बसणारं पिंपही बाजारात येतं. त्यातलं एखादं अप्रतिम निघतं, एखादं साधारण. 'मोजक्याच बाटल्या' या शब्दांना भुलून हजारो रुपये मोजणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२५मध्ये झालेल्या करारात स्कॉचवरचं दीडशे टक्के आयातशुल्क आधी पंचाहत्तर आणि दहाव्या वर्षापर्यंत चाळीस टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. अशा बाटल्या आपल्याकडे वाढतील, तसं चिठ्ठी वाचण्याचं महत्त्वही वाढेल.

शेवटी दोन गोष्टी. महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी परवाना लागतो आणि वय पंचवीस पूर्ण असावं लागतं. आणि दारूचं कोणतंही प्रमाण पूर्णपणे निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट केलं आहे. गुळाची पारख करणारा व्यापारी खडाच चाखतो, ढेप खात नाही. इथंही तेवढंच पुरे.