'पर्यंत'चा पल्ला

रात्रीचे नऊ वाजत आले की आमच्या घरी अम्मीची तयारी सुरू होते. ओढणी नीट करायची, चष्मा पुसायचा आणि फोन उशीला टेकवून समोर बसायचं. माझा धाकटा भाऊ कुवेतला असतो. तिथं तेव्हा साडेसहा वाजलेले असतात आणि तो नुकताच कामावरून आलेला असतो. दिवसभरातली ही पंधरा-वीस मिनिटं म्हणजे अम्मीची खरी कमाई.

तीन वर्षांपूर्वी या पंधरा मिनिटांना दृष्ट लागली. बोलता बोलता भावाचं तोंड उघडंच राही, आवाज तुटे, चित्र थिजे. मग पुन्हा जोडणी, पुन्हा तेच. एका रात्री अम्मीनं फोन बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "तो बोलायला कंटाळतो का रे माझ्याशी?" तिला वाटलं, मुलगाच मध्येच गप्प होतो आहे. काळजात चर्र झालं.

घरात ब्रॉडबँड होतं, ५० एमबीपीएसचं. मी तडक १०० ची योजना घेतली. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत १०० लिहिलं होतं आणि त्याच्या आधी बारीक अक्षरांत 'वेग' आणि नंतर 'पर्यंत'. पैसे वाढले, चित्र मात्र थिजायचं थांबलं नाही. मी कंपनीला फोन लावून दोन शब्द सुनावले. फसवणूक, लूट वगैरे.

दुसऱ्या दिवशी एक पंचविशीतला मुलगा आला. त्यानं राउटरला वायर लावून आपला लॅपटॉप जोडला आणि वेग मोजला. आकडा आला ९४. मग तोच लॅपटॉप घेऊन तो अम्मीच्या खोलीत गेला, वायरशिवाय मोजलं. आकडा आला ६, तोही कधी ९, कधी २. माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "चाचा, लाईन चांगली आहे. तुमचं घर जड आहे."

मी पडलो कवी माणूस, बी. ए.ला मराठी घेतलेला. विज्ञानाशी माझा संबंध नववी-दहावीपुरता. पण त्या दिवसापासून या प्रश्नाचा नाद लागला. जे समजलं ते आज सांगतो, कारण हा प्रश्न आता घरोघरी आहे.

सुरुवात मापापासून करू. जाहिरातीतला वेग मोजतात 'बिट'मध्ये. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. पण आपण संगणकावर एखादी फाईल उतरवतो तेव्हा पडद्यावर बहुतेक वेळा 'बाइट' दिसतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिटची लाईन पूर्ण वेगानं चालली तरी पडद्यावर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच दिसणार. दीड जीबीचा चित्रपट दोन मिनिटांत उतरला तर समजा, शंभराचे शंभर मिळाले. पुष्कळ लोक हा साडेबाराचा आकडा बघून भांडायला उठतात. तिथं कंपनीचा दोष नसतो, माप वेगळं असतं.

मग १०० चे ९४ का झाले? पत्र पाठवताना पाकिटाचं वजनही धरावं लागतं ना, तसंच इथं. माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर कुठून आला आणि कुठं जायचा हा पत्ता लिहिलेला असतो. त्या पत्त्यालाही जागा लागते. जुन्या राउटरच्या वायरीचं तोंडच १०० मेगाबिटचं असेल तर हातात ९४-९५ पडतात. तेवढी तूट रास्त समजावी.

पण ९४ चे ६ होतात, ती तूट कुठली? ती आमच्या घरातली. आमचं कोकणातलं जुनं घर, जांभ्या दगडाचं. भिंती दीड-दीड फूट जाडीच्या. राउटर बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या मागं, शेजारी लोखंडी कपाट. अम्मीची खोली दोन भिंती पलीकडे. वाय-फाय म्हणजे शेवटी रेडिओलहरीच. आपला रेडिओसुद्धा काही कोपऱ्यांत खरखरतो, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. दगड लहरी शोषतो, लोखंड त्या परतवतं, आणि पावसाळ्यात भिंत ओली झाली की पाणीही आपला वाटा घेतं.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्याची लहर भिंत त्यातल्या त्यात बरी ओलांडते, पण वेग कमी आणि गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, सगळे त्याच पट्ट्यात. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच. दुसऱ्या पट्ट्याचा वेग मोठा, पण भिंत आली की दम तुटतो. राउटरच्या खोक्यावर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो, घरात त्याच्या निम्मा मिळाला तरी पुष्कळ.

इथपर्यंत सगळं ऐकून मी ओशाळलो होतो. कंपनीला नाहक बोललो असं वाटलं. पण जाता जाता तो मुलगा म्हणाला, "रात्री नऊला वायर लावून परत एकदा मोजा." मोजलं, तर आकडा आला ४१. सकाळी ९४ आणि रात्री ४१, वायर तीच, घर तेच. ही तूट काही जांभ्या दगडाची नव्हती.

हे समजायला आपला मुंबई-गोवा महामार्ग डोळ्यांपुढं आणा. एखाद्या साध्या मंगळवारी पहाटे निघालात तर गाडी सुरळीत जाते. गणपतीच्या आदल्या दिवशी निघा, परशुराम घाटात गाड्यांच्या रांगा. रस्ता तेवढाच आहे, वाटेकरी वाढले. इंटरनेटची लाईन तुमच्या एकट्याची नसते. घराघरांत येणाऱ्या फायबरची एक प्रचलित पद्धत अशी आहे की, कंपनीच्या केंद्रातून एक तंतू निघतो आणि वाटेत काचेच्या एका फाटणीतून तो ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. त्या एका तंतूची क्षमता सुमारे २,४८८ मेगाबिट. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीनं ओढायचं ठरवलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७७ येतात, ६४ घरांत ३९. आणि केंद्रापासून पुढं मोठ्या शहराकडे जाणारी वाट अरुंद असेल तर त्याहून कमी.

आता या वाटणीला लगेच लबाडी म्हणू नका. सगळे एकाच क्षणी कधीच ओढत नाहीत. कोणी वाचत असतं, कोणी झोपलेलं असतं. म्हणून वाटून घेतलेली लाईन स्वस्त पडते, नाहीतर आपल्यासारख्यांना ती परवडलीच नसती. एस. टी. सगळ्यांची असते म्हणूनच तिकीट कमी असतं. प्रश्न येतो तो किती प्रवासी कोंबायचे हा. ज्या वाटेवर शंभर घरं नीट चालतील तिथं कंपनीनं तीनशे घरं जोडली तर रात्री नऊ वाजता, मालिका आणि क्रिकेटच्या वेळी, सगळ्यांचा श्वास कोंडतो. हा मात्र कंपनीचा हिशेब असतो, आणि 'पर्यंत' हा शब्द त्या हिशेबावर घातलेली चादर असते.

तांब्याच्या टेलिफोन तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडची गोष्ट आणखी निराळी होती. तिथं अंतरच वेग खात असे. एक्स्चेंजच्या शेजारी राहणाऱ्याला २४ मेगाबिटपर्यंत मिळण्याची शक्यता, आणि चार-पाच किलोमीटरवरच्या वाडीत त्याच योजनेचे जेमतेम एक-दोन. एकच जाहिरात, एकच दर, आणि दोन माणसांच्या पदरात दोन निराळ्या वस्तू.

वेगाची आणखी एक वाट समुद्राखालून जाते. परदेशातल्या संगणकावरची माहिती समुद्रतळाच्या तारांतून मुंबईच्या किनाऱ्याला लागते. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ तारा तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट मंदावलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ तसंच घडलं. घरातला आकडा ९४ दाखवत असतो आणि लांबची गोष्ट उघडता उघडत नाही. कारण वेग मोजणारी सोय बहुतेक वेळा जवळच्याच एखाद्या संगणकापर्यंतचं अंतर मोजते. दारापासून नाक्यापर्यंत गाडी कशी पळते हे तिच्यावरून कळतं, पुढच्या घाटाचं नाही.

मग नियम काय म्हणतात? 'ट्राय' म्हणजे आपलं दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्यांनी २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले. कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत, घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळावा, अशी अपेक्षा त्यांत होती. शब्द नीट बघा, केंद्रापासून ग्राहकापर्यंत. त्यापुढच्या जगाची हमी त्यात नव्हती. २०१६ मध्ये, ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती उरेल हे ग्राहकाला स्पष्ट सांगा, असं 'ट्राय'नं कंपन्यांना बजावलं. ऑक्टोबर २०२४ पासून दर्जाचे नवे नियम लागू झाले. 'ब्रॉडबँड' या शब्दाची सरकारी व्याख्याही बदलत आली. २००४ मध्ये २५६ किलोबिट, २०१३ मध्ये ५१२ आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. म्हणजे नुसतं ब्रॉडबँड म्हटलं की कायद्यानं किमान एवढंच.

ब्रिटनमध्ये तर जाहिरातीतल्या याच एका शब्दावर खल झाला. तिथं पूर्वी दहा टक्के ग्राहकांना मिळणारा वेगसुद्धा 'पर्यंत' म्हणून छापता येत असे. मे २०१८ पासून जाहिरातीवर देखरेख करणाऱ्या तिथल्या संस्थेनं नियम बदलला. गर्दीच्या वेळी, रात्री आठ ते दहा, निम्म्या ग्राहकांना तरी मिळतो तोच वेग 'सरासरी' म्हणून छापायचा. तारा त्याच राहिल्या, पण छापील आकडे उतरले आणि खऱ्याजवळ आले. शब्द बदलल्यानं काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

आता आमच्या घरी काय झालं ते सांगतो. व्हिडिओवर बोलायला १०० लागतच नाहीत, दोन-तीन मेगाबिट पुरतात. पण ते अखंड लागतात. चित्रपट बघताना पुढचा भाग आधीच साठवून ठेवता येतो, म्हणून मध्ये खंड पडला तरी कळत नाही. बोलणं साठवता येत नाही. भाऊ पुढचं वाक्य काय बोलणार, हे आधी कसं आणून ठेवणार? शिवाय इथं वेग दोन्ही बाजूंनी हवा, येण्याचाही आणि जाण्याचाही. जाहिरात मात्र सहसा येण्याचाच वेग सांगते.

मी राउटरपासून अम्मीच्या खोलीपर्यंत चौकटीच्या वरून वायर नेली आणि तिथं एक छोटा राउटर बसवला. त्या रात्रीपासून भावाचं तोंड उघडं राहायचं थांबलं. इतके दिवस मी ज्या वेगासाठी पैसे वाढवत होतो, तो बाहेरच्या खोलीत येऊन उभा होता. आतल्या खोलीत जायला त्याला दार नव्हतं.

दुसरी तूट कंपनीची होती, तिथं वही उपयोगी पडली. सात दिवस, सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला, वायर लावून, बाकीची उपकरणं बंद ठेवून आकडे लिहिले. एका रात्रीचा आकडा दाखवला तर 'तुमचं वाय-फाय' असं उत्तर मिळतं. सात रात्रींचे, वायरवरचे, तारखेसह आकडे दाखवले की बोलणं बदलतं. तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक घेतला. प्रत्येक कंपनीला तक्रारीवर अपील ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. त्याच्याकडे जाण्याची पाळी आली नाही. तीन आठवड्यांनी आमची जोडणी कमी गर्दीच्या तंतूवर हलवली आणि रात्रीचा आकडा ८० च्या पुढं गेला.

नवी जोडणी घेताना चार गोष्टी विचारा. रात्री नऊला किती मिळतो? जाण्याचा वेग किती? डेटा संपल्यावर किती उरतो? आणि शेजारच्या घरी हीच लाईन असेल तर त्यांचा अनुभव काय? चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत खरं निघतं.

वर्ष संपल्यावर मी पुन्हा ५० च्या योजनेवर आलो. अम्मीला फरक कळला नाही. परवा बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "आजकाल तो माझं पुरतं ऐकून घेतो." मी काही सांगितलं नाही. त्याचं श्रेय तिनं मुलालाच द्यावं, वायरीला नको.