शंभर माणसांच्या घामाची विहीर

महाशिवरात्रीला प्रतापगडची जत्रा पांगते न पांगते तोच गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावच्या रानात वणव्याचे दिवस येतात. वनखात्याच्या लेखी हा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. मोजा, १२१ दिवस! मोहाखालचा पाला कुणीतरी पेटवतो, वारा उठतो आणि हंगामी मजूर कुणी पाठीवर ब्लोअर, कुणी हातात हिरवी फांदी घेऊन धावतात.

रान तरी केवढं? इथल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा नुसता गाभाच ६५६ चौरस किलोमीटरचा. मुंबई शहर आणि उपनगर, दोन्ही जिल्हे मिळून ६०३. म्हणजे कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतची सगळी मुंबई इथे मावते, वर पन्नासेक चौरस किलोमीटर रान उरतं! हे रान एकसंध चौकोनी धरलं तरी काठ भरतो १०२ किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णवचा. प्रत्यक्षात रान तुकड्यातुकड्यांचं, त्यामुळे काठ याहून लांब. आणि तो राखायचा पायी, वैशाखाच्या उन्हात.

८ एप्रिल २०२१ ला नागझिऱ्यात वाऱ्याने पुन्हा भडकलेल्या वणव्यात तीन वनमजूर गेले, दोघे गंभीर भाजले. पण ज्वाळेने शिवलंही नाही तरी उष्णता याच माणसांचा जीव घेऊ शकते. त्यासाठी त्यांच्या अंगात डोकावू या.

कातडीत घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी. तीस लाख धरू. प्रत्येकीला एक प्रवासी मानून लोकलमध्ये कोंबलं, गाडीमागे साडेचार हजार, तर साडेसहाशेहून जास्त गाड्या लागतील. एका माणसासाठी! भर कामात त्याचं हृदय मिनिटाला पंधरा-वीस लिटर रक्त फिरवतं, तासाभरात हजार लिटर. अंगात रक्त जेमतेम साडेचार लिटर. तेच पुन्हा पुन्हा.

घाम तासाला लिटरभर तर सहज. हा एक लिटर अंगावर सुकताना जेवढी उष्णता ओढून नेतो, तेवढीत साडेसात लिटर पाण्याला उकळी फुटेल! आठ तासांचे आठ लिटर. शंभर मजूर धरा आणि १२१ दिवस: ९६,८०० लिटर! पाच मीटर रुंद विहिरीत पाच मीटर पाणी असलं की जवळपास एवढंच भरतं. त्यासोबत मीठ जातं ते पन्नास किलोची जवळजवळ पाच पोती. रोज आग नसते, खरं आहे. पण जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, झाडणं आणि गस्त तरी उन्हातच ना?

वीस रुपये लिटरच्या बाटल्यांनी हे भरून काढायचं तर हंगामाला १९ लाख ३६ हजार. माणशी दिवसाला किती? १६० रुपये! विहिरीचं पाणी घेतलं तर तेवढेही नकोत. अडतं ते पोचवण्यापाशी. आठ लिटर म्हणजे आठ किलो ओझं, आणि ब्लोअर पाठीवर घेतलेल्याने ते कुठे बांधायचं? माझ्या मते मजुरांच्या प्रत्येक टोळीमागे निव्वळ पाणी वाहणारा माणूस हवाच.

कारण पाणी संपलं, घाम आटला की घड्याळ पळू लागतं. राबणारं शरीर ५०० वॅट उष्णता निर्माण करतं. ती बाहेर पडलीच नाही तर साठ किलोच्या माणसाच्या अंगाचं तापमान सात मिनिटांत एक अंश चढेल. ३७ वरून ४० वर, उष्माघाताच्या दारात, २१ मिनिटांत! अर्जुनीहून सुटलेली पॅसेंजर तेवढ्यात गोंदियाच्या आसपासही नसते.

आणि हे तीन अंश उतरवायला अंगावरून किती पाणी सुकायला हवं? पाव लिटर! फक्त पाव लिटर! म्हणून डॉक्टर सांगतात, आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या, आणि थंड करणं अर्ध्या तासाच्या आत. माणसाला सावलीत आडवं करायचं, कपडे सैल करायचे. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही. बहुतेक पाणी ओघळून जाणार, म्हणून अंगावर बादल्यांनी ओतत राहायचं आणि गाडी येईपर्यंत वारा घालणं थांबवायचं नाही.