गाणे दिसत नाही!

गेल्या दिवाळीतली गोष्ट. खराडीतल्या आमच्या सोसायटीने 'दिवाळी पहाट' ठेवली होती. पासाखेरीज प्रवेश नाही. कुंपणाबाहेर आमची नेहमीची भाजीवाली नातवाला घेऊन उभी होती. पोरगा म्हणाला, "आज्जे, गाणं ऐकू येतंय, पण दिसत न्हाई!" पास माझ्या खिशात होता, परंतु त्यानंतर माझे चित्त काही गाण्यात लागेना.

उघड्यावर गाणेबजावणे व्हावे, ही कल्पना पुण्याला नवी नाही. खराडीच्या वरच्या अंगाला, याच मुळामुठेवर, सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८५० साली बंधारा झाला. पाणी अडले, नदीला तळ्याचे रूप आले. १८६८ साली तेथे बोटक्लबही निघाला. काठावरच्या बंडगार्डनमध्ये, म्हणजे आजच्या महात्मा गांधी उद्यानात, बँडस्टँड होता आणि तेथे लष्करी बँड वाजत. मुंबईच्या कूपरेजवरचा १८६७ चा बँडस्टँड तर अजून उभा आहे.

बँडस्टँड म्हणजे तरी काय? उंच चौथरा, चार-आठ खांब आणि वर छप्पर. चौथऱ्यामुळे वाजवणारा मागच्या रांगेलाही दिसतो. छपरामुळे सूर आभाळात विरून जात नाहीत. पुढे पाठीमागे शिंपल्यासारखी कमान उभारू लागले; ती आवाज श्रोत्यांकडे परतवते. अमेरिकेत १९२२ साली सुरू झालेले 'हॉलिवूड बोल' अशा शिंपल्यासाठीच प्रसिद्ध आहे.

साहेब गेला, त्याची वाद्ये मात्र आपण आपलीशी केली. पुण्याचा प्रभात बँड १९३८ पासूनचा. गणपतीच्या मिरवणुकीत तो वाजू लागला की, वाटेवरचा कोणीही थांबून ऐकतो. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी दिवाळीच्या पहाटे तरुण मंडळी लोटतात. माणसांना एकत्र जमण्याची भूक आहे, वाचकहो! हवा आहे तो नदीकाठी, झाडाखाली, कोणीही यावे असा एक चौथरा.

तो होईल तेव्हा होवो. यंदा मी समितीपुढे एवढेच मांडले, की व्यासपीठ फाटकाबाहेरच्या मोकळ्या जागेत घालावे. "बाहेरची गर्दी होईल," असे एकजण म्हणाले. "व्हावी म्हणूनच तर!" मी म्हणालो.

निर्णय अजून व्हायचा आहे. विरुद्ध गेला, तर यंदा मी पास घेणार नाही. कुंपणाबाहेर, त्या पोराला खांद्यावर घेऊन उभा राहीन. गाणे त्याला दिसले पाहिजे.