काशीच्या वाड्यातील पार्थिव गणेश

भाद्रपदात काशीची गंगा दुथडी भरून वाहत असते. घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, सायंकाळची गंगा आरती कधीकधी छतावर हलवावी लागते. नेमक्या याच दिवसांत ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगाघाट या परिसरातील मराठी घरांत गणरायांचे आगमन होते. गागाभट्टांच्या विद्वान घराण्याने गाजवलेल्या आणि अहिल्यादेवींनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारलेल्या या नगरीत मराठी माणूस पाहुणा राहिलेला नाही. आरतीला शेजारचे बनारसी स्नेहीही येतात आणि वीस-पंचवीस पानांची पंगत सहज उठते.

हा सोहळा निसर्गाला जड होऊ नये, असे म्हणणे सोपे आहे. काशीत मात्र अडचण निराळी. गल्लीच्या टोकाला साक्षात गंगा असताना मूर्ती घरच्या बादलीत विसर्जित करायची, हे वडीलधाऱ्यांच्या मनाला कसे पटावे? अलाहाबाद उच्च न्यायालयाने गंगेत मूर्तिविसर्जनास मनाई केल्यानंतर सप्टेंबर २०१५ मध्ये याच प्रश्नावरून काशीत संघर्ष झाला, लाठीमारापर्यंत वेळ आली. तेव्हा हा केवळ हौसेचा विषय नव्हे. येथे श्रद्धेला समजावून घ्यावे लागते.

त्यासाठी आधार परंपरेतच सापडतो. चतुर्थीच्या पूजेचे नावच ‘पार्थिव’ गणेशपूजन, म्हणजे पृथ्वीच्या, मातीच्या मूर्तीचे. प्लास्टर ऑफ पॅरिसला या संकल्पनेत जागाच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० च्या सुधारित सूचनांत अशा मूर्तींना मनाई केली. काशीत गंगेच्या मृत्तिकेची पार्थिव शिवलिंगे घडवण्याची रीत तर जुनीच आहे. पूर ओसरल्यावर नदी घाटावर गाळाचे थर ठेवून जाते. तोच गाळ दगड-काड्या काढून, चाळून, वाळवून ठेवला, तर पुढच्या वर्षी वीतभर मूर्ती घरी घडवता येते. गंगा अशी घरी येते, हे आजींनाही पटावे! मूर्ती भाजू नये आणि तैलरंग लावू नये. हळद, कुंकू, गेरू पुरेसे आहेत.

पंगतीचे म्हणाल, तर थर्माकोलच्या ताटवाट्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण बनारसच्या बाजारात ‘पत्तल-दोना’ म्हणून मिळतात. मात्र त्यावर चकचकीत प्लास्टिकचा थर नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. कुल्हडाचे मात्र आम्हांला तितकेसे कौतुक नाही. रेल्वेस्थानकावर ते शोभते. पण एका घोटासाठी माती भाजायची, इंधन जाळायचे आणि ती भाजकी माती पाण्यात विरघळतही नाही! घरच्या पंचवीस माणसांना ठठेरी बाजारातून घेतलेली फुलपात्री उत्तम. धुणे पडते, हे खरे. पण पाहुण्यांनी स्वतःचे भांडे विसळण्यात कमीपणा मानू नये.

दुसऱ्या दिवशीची ऋषिपंचमी तर याबाबत सर्वांत पुढची. बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, हा तिचा दंडक. अळू, सुरण, दोडका, पडवळ, मक्याचे कणीस अशी परसात हाताने लावलेली भाजी एकत्र शिजते. अळूला येथील मंडई अरवीचे पान म्हणून ओळखते. परगावाहून पॅकबंद जिन्नस मागवण्याची गरजच उरत नाही. पत्रीसाठी मात्र झाडे ओरबाडू नयेत. प्रत्येक प्रकारचे एक पान पुरे.

निरोपाच्या दिवशी निर्माल्य आधी वेगळे काढावे. तांब्याच्या किंवा पितळेच्या घंगाळात मूर्ती पूर्ण बुडेल इतके पाणी घेऊन त्यात गंगाजलाचा एक तांब्या ओतावा आणि उत्तरपूजेनंतर मूर्ती हलकेच ठेवावी. कच्ची माती रात्रभरात बहुधा विरते. सकाळी वरचे पाणी तुळशीला घालावे आणि खालचा गाळ फडक्यावर पसरून उन्हात ठेवावा. वाळला की तोच डब्यात भरून माळ्यावर ठेवावा. डब्यावर वर्ष लिहिण्यास विसरू नये.