गोंगाटातली कुजबुज

देवळीसारख्या गावी पावसाळी रात्री रेडिओवर मध्यम लहरींचे एखादे दूरचे केंद्र लावू पाहणाऱ्याला खरखरीचा अनुभव असतोच. आवाज वाढवावा, तर खरखरही तितकीच वाढते. दुर्बल संदेश नुसत्या वर्धनाने हाती लागत नाही.

हाच प्रश्न पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद येथे फार मोठ्या प्रमाणावर हाताळला जातो. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीचे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना सुमारे २५ कि.मी.च्या टापूत विखुरले आहेत. प्रत्येक अँटेनाच्या यंत्रणेतील खरखर स्वतंत्र असते. आकाशातून आलेला संदेश मात्र सर्वांत समान. नोंदी परस्परांशी ताडून पाहिल्या की समान तेवढे टिकते. शिवाय संदेशाची बेरीज काळाच्या प्रमाणात वाढते, खरखरीची केवळ त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. शंभरपट वेळ ऐकावे, तेव्हा स्पष्टता दहापट! सौदा महागाचा, पण खात्रीचा.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापरेली यान मंगळावर उतरत असता त्याचा अवघ्या काही वॅटचा संदेश कोट्यवधी कि.मी. अंतरावरून येथे ऐकू आला. तो अपेक्षित वेळेआधीच खंडित झाला. यान आदळल्याचे पुढे स्पष्ट झाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर सुमारे ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची २१ सें.मी.ची लहर या दुर्बिणीने टिपली. येथे पोचेतो ती ताणली जाऊन ४८ सें.मी.ची झाली होती. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने ती सुमारे तीसपट प्रखर केली, म्हणूनच ती सापडली.

निसर्गाची खरखर अशी धीराला वश होते; माणसाचा गोंगाट होत नाही. विजेच्या तारेवरील ठिणगी किंवा मोबाइलचा मनोरा एकाच वेळी अनेक अँटेनांत शिरतो आणि तासन् तास ऐकले तरी विरत नाही. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणी बदलण्याची पाळी आली ती याच चिंतेपोटी. जुन्नर परिसरातील लोकांची नाराजी समजण्यासारखी आहे; रेल्वे मागणे हा काही हट्ट नव्हे. तथापि रूळ कागदावर असताना हलविता येतात. उभे राहिलेले तीस अँटेना हलविता येत नाहीत. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहांची गोष्ट मात्र निराळी. त्यांच्या लहरींना खोडदच्या भोवतालचे डोंगरही अडवीत नाहीत, आणि त्यांची संख्या वर्षागणिक वाढतेच आहे.